लॅपटॉप झाकायचा नाही

माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. वायर लावलेली असेल तोवर तो चालतो, वायर निघाली की तिथल्या तिथं डोळे मिटतो. हिंगोलीत तो जुना म्हणून घेतला तेव्हा दुकानदारानं हे मला सांगितलं होतं, पण हसत हसत सांगितलं, म्हणून मीही हसत हसत घेतला.

लग्नाआधी हिंगोलीत शिकत असताना मोबाईलवरचे हिंदी व्हिडिओ बघून मी गाणी जुळवायला शिकले. आता सेनगावच्या पुढं, शेती आणि शेळ्या असलेल्या घरात मी सून आहे आणि आमच्या पंचक्रोशीतली एकुलती एक स्टुडिओवालीही आहे. कुणाला वाढदिवसाचं गाणं पोराचं नाव घालून हवं असतं, कुठल्या शाळेला नाचासाठी गाणी एकात एक जोडून हवी असतात. नवरा जीप चालवतो. त्याच्या जीपमध्ये माझीच गाणी वाजतात आणि प्रवाशांना मधेच उतरता येत नाही.

स्टुडिओ म्हणजे आमची सोयाबीनची खोली. दिवाळीच्या सुमाराला माल घरात आला की भिंतींना लागून छतापर्यंत कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचली जातात. मधल्या बोळात एक बाज, बाजेच्या पायाला बांधलेल्या काठीवर माईक. ती आवाज अशी गिळतात की इथं बोललेला शब्द कोरडा, स्वच्छ, जसाच्या तसा येतो. भाव वाढला की नवरा माल मोंढ्यावर नेतो आणि खोली परत घुमायला लागते. त्यामुळे भाव पडला की सगळं गाव तोंड पाडून बसतं आणि मी एकटी मनातल्या मनात खूश असते. हे मी घरात बोलत नाही. मलाही याच घरात जेवायचं आहे.

राहिलं सॉफ्टवेअर. ते फुकटचं होतं आणि फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत हे मला मान्य आहे, पण ही गाय लाथाही मारायची. सगळं करू द्यायचं, सगळं साठवूनही घ्यायचं. फक्त एकदा बंद केलं की साठवलेलं परत उघडायचं नाही. "विकत घ्या" अशी पाटी यायची आणि तिच्याखाली एक हसरं तोंड. म्हणजे गाणं हाती घेतलं की ते पुरं होऊन बाहेर निघेपर्यंत सॉफ्टवेअर बंद करायचं नाही, म्हणजेच लॅपटॉप बंद करायचा नाही. नुसतं झाकण लावलं तरी तो झोपायचा आणि जागा होताना सगळं विसरून जागा व्हायचा. वाढदिवसाची गाणी मी एका बैठकीत उरकायचे, म्हणून निभावत होतं.

मग माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, आखाडा बाळापूरकडं.

एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "वैनी, हळदीला डीजे लागनार हाय. त्याच्यावर मला आईचं गानं पाहिजे."

"आत्याबाई गातात?" मी विचारलं. लग्न होऊन मला चार उन्हाळे झाले होते आणि सासूबाईंना मी साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.

"घरी न्हाई गात. शेळ्यांमागं गाती. म्या लहानपनी बांधाआड बसून ऐकलंय."

मी म्हटलं, हळदीला बायका गातातच की, त्यांनाही तिथंच गायला सांगू. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग मला कळलं, मी काय बोलले ते. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आमच्याकडं हळद सवाष्णींनी लावायची. सासूबाई पोरीची हळद दळतील, पाहुण्यांची ताटं वाढतील, आणि हळद लागायच्या वेळी आपल्या आपण मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहतील. त्यांना कुणी जा म्हणायचीही गरज पडणार नाही. मला या रीतीचा संताप येतो, मी तो घरात बोलूनही दाखवते आणि सगळे "बरोबर हाय तुझं" म्हणून आपापल्या कामाला लागतात.

नणंद म्हणाली, "तिचा हात लागत न्हाई तर न्हाई. आवाज तरी लागू दे."

मी म्हटलं, "लागेल." असं म्हणताना मी त्या हसऱ्या तोंडाच्या पाटीला अजिबात विचारात घेतलं नव्हतं.

सासूबाईंना तयार करायला आम्हा दोघींना बरीच मनधरणी करावी लागली. "मला गानं येत न्हाई, माय. मी शेळ्या वळती," एवढंच त्यांचं म्हणणं. मग शेळ्या वळताना म्हणता तेच म्हणा, म्हटलं. ते निघालं एका हूड शेळीला रागवायचं गाणं:

जाऊ नको, जाऊ नको परक्याच्या शिवारी,
तिथं तुझ्या पाठीवर हात कोण फिरवी?
हिरवा दिसे पाला त्याला काटा असे खाली,
हाक मारता मारता गं सांज माझी झाली.

पुढं ती शेळी कुणाची तूर खाते, मार खाते, पाय मुरगाळून घेते आणि सासूबाई तिला यथेच्छ शिव्या घालतात. शिव्याही चालीत. मी म्हटलं, हळदीत हे कसं वाजवायचं? चार ओळी हळदीच्या जोडू. नणंद म्हणाली, "एक शबुद बदलायचा न्हाई. शिव्यासकट पाहिजे."

आता अडचण एकच, मोठे सासरे. सासूबाईंचे भाया, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. घरातले कर्ते तेच. दिवसभर ओसरीवर बसतात, आणि आत यायचं असलं की आधी खाकरतात, म्हणजे बायकांनी सावरून घ्यावं. ते खाकरणं ऐकलं की सासूबाई पदर डोईवर घेतात, बाजेवर असतील तर उठून उभ्या राहतात, बोलत असतील तर गप्प होतात. दोघं तीसेक वर्षं एका छताखाली आहेत आणि थेट एक शब्द बोललेले नाहीत. मोठ्या सासऱ्यांना पाणी हवं असलं तर ते हवेला म्हणतात, "पानी मिळंल का कुनाकडून?" आणि हवेतून पाणी येतं. सासूबाई घरात का गात नाहीत हे वेगळं सांगायला नको. म्हणून आम्ही ते शेताकडं गेले की दुपारी काम करायचं ठरवलं.

पहिल्या दुपारी सासूबाई बाजेवर बसल्या, डोळे मिटले आणि अशा काही गायल्या की माझ्या अंगावर काटा आला. नणंद पोत्याला टेकून तोंडात पदर धरून बसली होती. संपल्यावर मी पडद्याकडं पाहिलं तर पडदा कोरा. या सॉफ्टवेअरमध्ये लाल बटणं दोन. एक दाबलं की ते टेप करायला तयार होतं, दुसरं दाबलं की टेप करतं. मी दुसरं दाबलं होतं. पहिलं न दाबता दुसरं दाबलं तर ते मुकाट चालत राहतं, काटा पुढं सरकत राहतो, सगळं कसं छान चाललंय असं दाखवतं आणि काही म्हणजे काही टेप करत नाही. एवढं शहाणं यंत्र, पण "बाई, एक बटण राहिलं" एवढं सांगायची अक्कल त्याला नाही.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं, पण परत," मी म्हटलं.

परत म्हणताना मी ताल धरायला म्हणून सॉफ्टवेअरची टिकटिक लावली. टिक टिक टिक टिक, चार झाले की गायचं. सासूबाईंनी चारही टिका ऐकून घेतल्या आणि आणखी चारांची वाट पाहिली. तेवढ्यात दारातून एक करडू आत आलं. त्याला हाकललं तर दुसरं आलं. आम्हाला काही समजेना. मग सासूबाईच म्हणाल्या, "आगं, त्यांना बोलवून राहिलं ते." त्या स्वतः जिभेनं टक् टक् असा आवाज करून करडांना पाला खायला बोलावतात. माझं यंत्र तोच आवाज काढत होतं, तोही अजिबात न दमता. त्या दुपारी आमच्या स्टुडिओत बरीच करडं जमली आणि पाला कुठं आहे म्हणून ओरडू लागली.

म्हणून टिकटिक स्पीकरवरून काढून हेडफोनमध्ये घातली आणि हेडफोन सासूबाईंच्या डोक्यावर पदरावरून चढवला. टिकटिकीच्या जागी हलगी दिली, म्हणजे करडांचा प्रश्न मिटला. आता नवीनच अडचण. माझ्या गरीब लॅपटॉपमध्ये आवाज माईकनं आत जाऊन हेडफोनमधून बाहेर यायला क्षणभर उशीर करायचा. सासूबाईंना वाटलं, कुणी बाई आपल्या मागोमाग म्हणते आहे. त्या पडल्या भिडस्त. तिचं म्हणून होईपर्यंत थांबायला लागल्या. त्या थांबल्या की आतली बाईही थांबायची, मग या पुढची ओळ सुरू करायच्या, मग परत तिच्यासाठी थांबायच्या. दोघींच्या या सौजन्यात शेळी दुसऱ्याच्या शिवारात पोचायलाच संध्याकाळ झाली.

"तिला म्हनावं, तू म्हन आधी," सासूबाई हेडफोन काढून म्हणाल्या. "मला काय घाई न्हाई."

नणंद हसून हसून कट्ट्यांवरून घसरली. मी हसत होते आणि त्याच वेळी मला ते यंत्र उचलून विहिरीत टाकावंसं वाटत होतं. हा उशीर कमी करायचा आकडा त्या सॉफ्टवेअरमध्ये होता, पण तो कुठल्या खिडकीच्या आतल्या खिडकीत आहे हे शोधायला मला पूर्ण सकाळ लागली. सापडला, बदलला, तर आवाज लाह्यांसारखा फुटायला लागला. शेवटी त्यांचा आवाज त्यांच्या कानातून काढूनच टाकला, नुसती हलगी ठेवली.

असं करत करत गाणं तुकड्यातुकड्यांनी जमत गेलं. आणि ते जमेपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नव्हता. मी झाकणावर कागद चिकटवला: "झाकायचा नाही." घरात लग्नाचे पाहुणे यायला लागले होते. कट्ट्यांच्या खोलीत रात्रंदिवस उजेड धरून बसलेली, कुणी हात लावायचा नाही अशी ही वस्तू पाहून एका लांबच्या मावशींनी तिला चक्क हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. लाईट गेली की इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपसाठी, पंखा बंद, टीव्ही बंद. नवरा म्हणायचा, "आमच्या घरी नवरात्र उठलंच न्हाई औंदा. अखंड तेवून राहिलाय." त्यातच सोयाबीनचा भाव थोडा वर आला आणि तो माल काढायचं म्हणायला लागला. मी दारात आडवी उभी राहिले. गाणं झाल्याशिवाय एक कट्टा हलणार नाही, म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, लॅपटॉपवरच्या कुंकवाकडं पाहिलं आणि तो मुकाट जीप घेऊन गेला.

हळदीच्या आदल्या दुपारी फक्त शेवटची ओळ राहिली होती. बाकीचं सगळं मी ओळीओळीनं निवडून, हलगीवर बसवून ठेवलं होतं. एका ठिकाणी ताणून बसवायला गेले तर सासूबाईंचा आवाज बाप्याचा झाला होता, तोही पूर्वपदावर आणला होता. लॅपटॉप एका कट्ट्यावर, सासूबाई बाजेवर, हेडफोन डोक्यावर. मी दोन्ही लाल बटणं दाबली. त्यांनी तोंड उघडलं.

आणि बाहेर मोठे सासरे खाकरले. मांडववाले आले म्हणून ते शेतातून लवकर परतले होते.

कानात हलगी वाजत असताना सासूबाईंना ते कसं ऐकू आलं, देव जाणे. तीस वर्षांची सवय कानात नसते, गुडघ्यात असते. त्या ताडकन उभ्या राहिल्या. हेडफोनची वायर ताणली गेली, तिच्याबरोबर लॅपटॉप कट्ट्यावरून निघाला आणि फरशीवर तोंडावर पडला. चार्जरची वायर भिंतीशी लोंबत राहिली.

"काय पडलं?" मोठ्या सासऱ्यांनी दारातून हवेला विचारलं. हवा काही बोलली नाही.

लॅपटॉप सुरू झाला. एका कोपऱ्यात तडा गेला होता, चार्जरची पिन ढिली झाली होती, बोटानं एका बाजूला दाबून धरली तरच करंट यायचा. गाणं मात्र गेलं. पाटी आली, हसरं तोंड आलं. त्या तोंडाला मी ज्या शिव्या दिल्या त्या चालीत नव्हत्या. सासूबाई पदर धरून कोपऱ्यात उभ्याच होत्या, आपणच काही मोठं मोडलं अशा चेहऱ्यानं. नणंदेनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, वैनी." तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. 

तिनं मग ओसरीवर जाऊन मोठ्या सासऱ्यांना सरळ सांगितलं. घरात त्यांच्याशी असं बोलायची छाती फक्त तिचीच. "मोठे बाबा, आईचं गानं करून राहिलो व्हतो आमी हळदीसाठी. तुमी खाकरलात, ती उठली, अन सगळं पुसलं."

 त्या रात्री मोठे सासरे जेवायलाही उशिरा बसले.

हळदीच्या दिवशी सकाळी मी कट्ट्यांच्या खोलीत ती पिन दाबून बघत होते. दाराशी खाकरणं ऐकू आलं आणि मोठे सासरे आत आले.

"सूनबाई, ते परत कराया काय लागतं?"

"माणूस लागतं, मामंजी. ही पिन दाबून धरायला. मी मशीन चालवली तर माझा हात मोकळा राहत नाही."

घरात माणसांची जत्रा होती, पण कामाचं एक नव्हतं. नवरा जीप घेऊन पाहुणे आणायला गेला होता. नणंदेच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी. बाकी बायका चुलीपाशी. मोठ्या सासऱ्यांनी इकडं तिकडं पाहिलं, पागोटं काढून एका कट्ट्यावर ठेवलं आणि बाजेच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसले.

"कुठं दाबायचं?"

मी दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं. पडद्यावर उजेड आला.

मग सासूबाईंना बोलावलं. त्या दारात आल्या, खाली भायांना बसलेलं पाहिलं आणि तिथंच खिळल्या. पदर नाकापर्यंत आला. भाया जमिनीवर आणि आपण बाजेवर बसायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतंच. पण माईक बाजेला बांधलेला. उभं राहून गायलं तर आवाज कुठं जाणार? त्या बाजेजवळ येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी बसायचं काही नाव घेतलं नाही.

हेडफोन पुन्हा डोक्याला लावणार नाही, अशी शपथ त्यांनी आदल्या दिवशीच घेतली होती. म्हणून तो मी चढवला आणि दोन्ही लाल बटणं दाबली. हलगी नाही, टिकटिक नाही, नुसता आवाज घ्यायचा. जमेल तसं.

"सूनबाई," मोठे सासरे म्हणाले, "तिला म्हनावं बस."

मला ते ऐकू आलं होतं. माईक सुरू होता, त्यांचा शब्द न शब्द माझ्या कानात येत होता. पण हेडफोन घातलेला माणूस बहिरा असतो असं सगळ्या जगाला वाटतं, आणि मी तो गैरसमज तसाच राहू दिला. पडद्याकडं बघत मान डोलवत बसले.

"सूनबाई! तिला म्हनावं बस म्हून!"

मी मान डोलवली. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं बघत नव्हते. हसू दाबून दाबून माझ्या पोटात कळ यायला लागली होती. मोठ्या सासऱ्यांना पिन सोडून उठता येत नव्हतं. मला हलवायला त्यांचा हात पोचत नव्हता. बाहेर कुणाला हाक मारावी तर मांडवात ताशा सुरू झालेला. त्यांनी समोरच्या कट्ट्याकडं पाहिलं, वर छताकडं पाहिलं, आणि हेडफोनमध्ये अगदी हळू आवाज आला:

"बस, बाई. बसल्याबिगर व्हायचं न्हाई हे."

 माझंही हसू गेलं. मग बाज करकरली.

"बसले," सासूबाई म्हणाल्या.

त्या कट्ट्यांकडं तोंड करून गायल्या. सुरुवातीला आवाज थरथरला, पहिल्या ओळीनंतर दुसरी जरा घाईत निघाली, पण शेळी एकदा दुसऱ्याच्या तुरीत शिरल्यावर त्या सगळं विसरल्या. तिला काय काय बोलल्या! मी तिरक्या नजरेनं खाली पाहिलं. मोठे सासरे पिनवर बोट ठेवून, डोळे पिनवर ठेवून बसले होते, आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. त्यांना खोकला आला होता. खरा, बिडीचा. तो त्यांनी गाणं संपेपर्यंत छातीत धरून ठेवला, डोळ्यांतून पाणी आलं तरी सोडला नाही. शेवटची हाक संपली, मी बटण दाबलं आणि "झालं" म्हटलं, तसा तो जो सुटला तो थांबेचना. त्यातही बोट पिनवरच होतं.

आता गाणं बाहेर काढायचं, म्हणजे त्याची वेगळी फाईल करायची. मी हुकूम दिला आणि सॉफ्टवेअरनं सांगितलं, गाणं तीन तासांचं आहे.

"आता काय करून राहिलं ते?" मोठ्या सासऱ्यांनी विचारलं.

"गाणं बाहेर काढतंय."

"आत काहून अडकलं?"

का अडकलं ते मला समजलं होतं. गाण्याच्या सुरुवातीचं ते बोलणं मी कापून काढलं होतं, पण फेकवेना म्हणून पार उजवीकडं, लांब नेऊन ठेवलं होतं. यंत्राला ते गाण्याचं शेपूट वाटलं. मधली सगळी शांतता ते इमानदारीनं भरत बसलं होतं. तेवढा भाग सोडून बाकीचं काढायची सोय होती, पण त्या बटणावरही तेच हसरं तोंड होतं. मांडवातून कुणीतरी येऊन सांगून गेलं की कनेरगाव नाक्याचा डीजेवाला पेन ड्राईव्ह मागतोय. मोठ्या सासऱ्यांनी आता दुसऱ्या हातानं मनगट धरलं होतं.

मी ते "बस, बाई" आणि त्यावरचं "बसले" पुसलं. गाणं लगेच बाहेर निघून पेन ड्राईव्हवर गेलं, पण मला फार वाईट वाटलं.

"काय काढलं?" त्यांनी विचारलं.

"गाण्याआधीचं बोलणं होतं, मामंजी."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि पागोटं उचलून गेले.

संध्याकाळी मांडवात नणंद पाटावर बसली. सवाष्णींनी तिला वेढा घातला, हळदीची ताटं फिरली. डीजेवर आधी धांगडधिंगा झाला, पोरं नाचून घामाघूम झाली, आणि मग अचानक कुठलंही वाद्य नसलेला एक बाईचा आवाज त्या भल्यामोठ्या स्पीकरमधून आला. जाऊ नको, जाऊ नको. पोरं हलगी सुरू व्हायची वाट बघत हात वर करून थांबली. हलगी आलीच नाही. मग एकेकाचे हात खाली आले. कुणीतरी म्हणालं, "कोन हाय ही?" आणि नणंद मोठ्यानं म्हणाली, "माझी आई."

सासूबाई मागच्या दाराशी होत्या. गाणं सुरू झाल्यावर त्या एक पायरी उतरल्या, मग दुसरी. मान एका बाजूला कलती करून, पुढं कुठं ओढा आहे की खड्डा आहे हे न पाहता चालावं तशा त्या सरळ स्पीकरकडं निघाल्या. बायका बाजूला सरल्या. हळद लावायच्या गर्दीच्या मधोमध, पोरीच्या पाटाजवळ येऊन त्या थांबल्या तरी त्यांना आपण कुठं आलो आहोत याचा पत्ता नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "अगं, तू मागं...", आणि पुरुषांच्या बाजूनं मोठे सासरे म्हणाले, "ऐकू द्या तिला."

शेळी तुरीत शिरली, शिव्या सुरू झाल्या, मांडव हसायला लागला. नणंद हसत होती आणि तिच्या पिवळ्या गालांवरून पाणी ओघळत होतं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. गाणं संपेपर्यंत त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या आणि मग माझ्याकडं वळल्या.

"दुसऱ्या वळीला घाई झाली माझी. परत घ्याया येईल का?"

 लॅपटॉप दुपारीच मिटला होता आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं होतं. पण हे मला सांगावंच लागलं नाही. नणंदेनं हळदीचं ताट उचलून आईपुढं धरलं.

"परत घेऊ. आदी हे लाव."

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष अजून गाण्यातच होतं. "असं पाहिजे व्हतं ते." आणि ताटात बोटं बुडवत, पोरीच्या गालावरून हात फिरवत, सगळ्या मांडवासमोर त्यांनी दुसरी ओळ सावकाश म्हणून दाखवली.